प्रकाशाच्या दोन वाटा

राजगडाच्या पायथ्याशी गुंजवणे नावाचे गाव आहे. तेथून गडावर एक वाट चोरदरवाज्याने पद्मावती माचीवर जाते. दुसरी रानातून सुवेळा माचीकडे चढते. दोन सोबती एकाच वेळी निघून, सारख्याच चालीने या दोन वाटांनी जाऊन गडावर भेटले, तर मागाहून कोण आला एवढ्यावरून कोणती वाट लांबची हे घड्याळावाचून कळेल.

हीच युक्ती अल्बर्ट मायकेलसन या शास्त्रज्ञाने १८८१ साली प्रकाशाच्या बाबतीत योजिली. काचेवर चांदीचा अतिशय विरळ लेप दिला, की तिच्यावर पडलेला सुमारे निम्मा प्रकाश परावर्तित होतो व निम्मा आरपार जातो. अशी काच किरणाच्या मार्गात ४५ अंशांनी तिरपी धरली, की एका किरणाचे परस्परांशी काटकोन करणारे दोन किरण होतात. दोघांच्या वाटेवर एकेक आरसा असतो. त्यावरून परतून ते पुन्हा त्याच काचेपाशी भेटतात. लहरीच्या शिखरावर शिखर आले तर उजेड वाढतो. शिखर आणि दरी एकत्र आली तर अंधार पडतो. प्रकाशात प्रकाश मिळवावा आणि अंधार व्हावा, हे नवलच होय! मग तो प्रकाश जातो कोठे? तो नष्ट होत नाही. आल्या वाटेने माघारी जातो.

पिवळ्या प्रकाशाच्या लहरीची लांबी मिलिमीटरच्या सुमारे सहा दशसहस्रांश असते. एक आरसा तिच्या चौथ्या हिश्शाइतका सरकला, तरी उजेडाच्या जागी अंधार येतो.

मोठमोठ्या वस्तुमानांच्या हालचालींमुळे अवकाशातच लहरी उठतात, असे आइन्स्टाइन यांनी १९१६ साली गणिताने दाखविले होते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील ‘लायगो’च्या दोन वेधशाळांना ती लहर प्रथम जाणवली. तेथे दुभंगलेला किरण चार चार किलोमीटरांच्या वाटांनी धावतो. त्या वाटांच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी कमी होता. इतका क्षीण संकेत गोंगाटातून निवडावयाचा कसा, याचे गणित पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेत डॉ. संजीव धुरंधर व त्यांचे सहकारी कित्येक वर्षे आधीपासून करीत होते. हाती लहर नसताना तिच्या शोधाचे गणित मांडीत बसावयाचे, यास धीर लागतो.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ अशीच वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. वेधशाळा परस्परांपासून दूर असल्या, म्हणजे लहर कोठे आधी व कोठे मागाहून पोहोचली यावरून आकाशातील तिचे उगमस्थान शोधता येते.