मेन पाडून घरभर फिर

बाळ, परवा फोनवर तू यादी वाचून दाखवलीस. दाराला बोटाच्या ठशाचं कुलूप, बेलमध्ये कॅमेरा, हॉलमध्ये माणसाची चाहूल घेणारा सेन्सर, ओट्यापाशी गॅसचा अलार्म आणि सगळे दिवे-पंखे मोबाइलवर. वाकडचा फ्लॅट नवा, तुम्ही दोघं दिवसभर बाहेर, तुझी शिफ्ट कधी रात्री अकराला सुटते, सासूबाई घरात एकट्या. हे सगळं हवंसं वाटणं अगदी बरोबर आहे. घ्याच. पण खोकी फोडायच्या आधी मामाचं थोडं ऐकून घे. साताऱ्यात चाळीस वर्षं घरांचं वायरिंग केलं, त्यातली शेवटची दहा-बारा ह्याच वस्तू बसवण्यात गेली. काय टिकतं आणि काय ऐन वेळी दगा देतं, ते ह्या हातांनी पाहिलंय.

माझे वस्ताद काम संपलं की रात्री मालकासमोर मेन पाडायचे आणि मला म्हणायचे, "आता घरभर फिर." बोर्ड हाताला कुठे लागतो, जिन्याची कुठली पायरी चुकते, काड्यापेटी कुणाच्या ध्यानात आहे, हे तेव्हाच कळायचं. मी अजून तेच करतो, फक्त आता तीन गोष्टी पाडतो. आधी मेन पाडायचा आणि दार आतून-बाहेरून उघडतंय का, अलार्म वाजतोय का ते बघायचं. मग मेन उचलून वायफाय बंद करायचं आणि प्रत्येक दिवा भिंतीवरच्या बटणाने लागतोय का ते बघायचं. शेवटी सगळ्यांचे फोन एका पिशवीत घालून बाजूला ठेवायचे आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला म्हणायचं, आता घर चालवून दाखवा. ज्या वस्तूमुळे ह्यातलं काही अडतं, ती मी बसवत नाही.

आता कुलपाचं. लोक कुलपावर पंधरा-वीस हजार घालतात आणि चौकट बिल्डरने दिलेली तशीच ठेवतात. चोर तुझ्या कुलपाचा आकडा ओळखत बसत नाही. तो कटावणी घालून दार चौकटीपासून फाकवतो. म्हणून आधी सुतार, मग वायरमन, मग नेटवाला. कुलपाची जीभ ज्या पट्टीत शिरते ती जाड लोखंडी हवी आणि तिचे स्क्रू चौकटीतून पार भिंतीत गेले पाहिजेत. बिजागऱ्यांचंही तसंच.

आतली कडी काढू नकोस, पण ती केव्हा लावायची ते ठरवून घे. रात्री सगळे घरात असताना खुशाल लावा. दुपारी सासूबाई एकट्या असताना मात्र लावू नये, असं मी सांगीन. त्या बाथरूममध्ये घसरल्या, तर तुझ्याकडची किल्ली, ॲप, काहीच कामाचं नाही. कडी बाहेरून निघत नाही. दिवसा कुलपाची जीभ पुरे. हे त्यांना नीट समजावून सांग, कारण आयुष्यभर कडी लावून झोपलेल्या बाईला ती न लावणं धाडसाचं वाटतं.

बोटाचा ठसा तुला सोयीचा, त्यांना नाही. भांडी-धुणी करून ज्यांची बोटं झिजलीत किंवा ज्यांचे हात ओले असतात, त्यांचा ठसा मशीन पुष्कळदा वाचत नाही. त्यांना कुलपाला टेकवायचा टॅग दे, गळ्यातल्या दोरीला नाहीतर बटव्याला अडकवता येतो. कामाच्या मावशींना वेगळा आकडा दे, त्यांच्या वेळेपुरताच चालणारा. तुझा आकडा जन्मतारीख नको, गाडीचा नंबर तर नकोच. काचेच्या पाटीवर रोज त्याच चार अंकांवर बोटांचे डाग उमटतात; बऱ्याच कुलपांत खऱ्या आकड्याच्या मागेपुढे भलतेच अंक दाबलेले चालतात, ती सोय वापर.

आणि सेल. अशा कुलपात बहुतेक चार पेन्सिल सेल असतात, ते अल्कलाइनच घाल. चार्ज होणारे सेल मुळात कमी व्होल्टचे, त्यामुळे कुलपाचा अंदाज चुकतो. दिवाळीला आणि गुढीपाडव्याला बदलून टाक, संपायची वाट बघू नकोस. कराडचं एक कुटुंब पंढरपूरहून रात्री एकला परतलं, दोन लहान मुलं खांद्यावर झोपलेली, आणि कुलूप मेलेलं. किल्ल्या होत्या, पण आत कपाटात. त्या कुलपाला खालून दोन ठिपके होते, तिथे चौकोनी नऊ व्होल्टचा सेल टेकवला की तेवढ्यापुरता जीव येतो. मी माझ्या मल्टिमीटरमधला सेल काढून टेकवला तेव्हा दार उघडलं. तुझ्या कुलपाला असे ठिपके आहेत की चार्जरची पिन लागते, ते आजच बघून ठेव. खरी किल्ली मात्र घराबाहेर राहिली पाहिजे. एक तुझ्या ऑफिसच्या खणात, एक जवळ राहणाऱ्या विश्वासाच्या माणसाकडे.

आता गॅस. इथे नीट थांबून ऐक, कारण ह्यात माझ्या हातून मोठा अनर्थ होता होता टळला. एका बंगल्यात मालकांना हवं होतं की गॅस गळला की एक्झॉस्ट फॅन आपोआप सुरू व्हावा. मलाही ते शहाणपणाचं वाटलं. रिले जोडलासुद्धा. वस्ताद तेव्हा पार थकले होते, तरी काम बघायला आले, आणि त्यांनी एवढंच विचारलं, "ठिणगी कुठे पडते?" पंखा सुरू होताना बटणात, रिलेत, मोटारीत बारीक ठिणगी पडते. एरवी तिचं काही वाटत नाही. गॅस भरलेल्या स्वयंपाकघरात तेवढी पुरते. माणसाला आपण शिकवतो की वास आला तर बटणाला हात लावू नको, आणि मी तेच काम यंत्राला नेमून दिलं होतं. ती वायर मी त्याच क्षणी काढली.

तेव्हा गॅसच्या सेन्सरला दोनच कामं सांग: मोठ्याने भोंगा वाजवणं आणि तुम्हा दोघांना निरोप पाठवणं. तिसरं काम हवंच असेल तर गॅसच्या नळीवरचा व्हॉल्व्ह बंद करणं, आणि तो व्हॉल्व्ह पुन्हा हातानेच उघडणारा घे. दिवा, पंखा, काहीही आपोआप सुरू नाही आणि बंदही नाही. बंद होतानाही ठिणगी पडतेच. सासूबाईंना सांग: रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, बटणाला हात नाही, आणि बाहेर जिन्यात जाऊन मग फोन. सिलेंडरच्या गळतीसाठी १९०६ हा नंबर आहे, तो दाराच्या बाहेरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत चिकटव.

सेन्सर कुठे बसवायचा, हे विकणारा क्वचितच विचारतो. सिलेंडरमधला गॅस हवेपेक्षा जड, तो पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो. सेन्सर जमिनीपासून वीतभर-फूटभर उंचीवर हवा. पाइपने येणारा गॅस मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो. त्याचा सेन्सर वर, छताजवळ. तुमच्या सोसायटीत पाइपलाइन येणार म्हणालीस ना? ती आली की सेन्सर खालून वर गेला पाहिजे. त्याच दिवशी. दोन्ही गॅसना चालतो असं खोक्यावर लिहिलंय का तेही बघ, आणि त्यावरची मुदत भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेव, कारण सेन्सर आतून म्हातारा होतो आणि वरचा हिरवा दिवा तसाच जळत राहतो. शेगडीच्या अगदी डोक्यावर नको. फोडणीच्या धुराने आणि झुरळांच्या स्प्रेने तो उगाच वाजायला लागला की चौथ्या दिवशी कुणीतरी त्याची पिन काढून ठेवतं.

बेलमधला कॅमेरा मला मनापासून आवडतो. ही कल्पना एका बाईची आहे. मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन, न्यूयॉर्कमधल्या क्वीन्स भागात राहणारी नर्स. कामाच्या वेळा आडनिड्या, वस्तीत चोऱ्यामाऱ्या, पोलीस यायला उशीर. तिने आणि तिच्या इलेक्ट्रॉनिक्समधल्या नवऱ्याने १९६६ साली पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ मध्ये ते मिळालं. दाराला वेगवेगळ्या उंचीवर चार भोकं, त्यांवरून सरकणारा कॅमेरा, खोलीत टीव्हीचा पडदा, बोलायला माइक, जागेवरून दार उघडायचं बटण आणि धोक्याची सूचना द्यायचं दुसरं. दार न उघडता, जागेवरून न उठता, कोण आलंय ते बघता यावं, एवढीच तिची गरज. सासूबाईंची गरजही तीच. त्यांचे गुडघे दुखतात. म्हणून बेलचं चित्र फक्त तुमच्या फोनवर नको, त्यांच्या खुर्चीसमोरही एक छोटा पडदा लाव. कॅमेऱ्याचं तोंड समोरच्या बिऱ्हाडाच्या दारात शिरता कामा नये. जिन्याकडे तिरकं वळव आणि त्या घरी जाऊन फोनवर दाखवून ये, बघा, तुमचं दार ह्यात दिसत नाही. घराच्या आत, झोपायच्या खोलीत कॅमेरा नको. सासूबाईंवर लक्ष ठेवायलाही नको, त्यांना विचारल्याशिवाय तर मुळीच नको.

रेकॉर्डिंगचा हिशेब सोपा आहे. साधारण दोन एमबीपीएसने चालणारा कॅमेरा दिवसाला एकवीस जीबी खातो. १२८ जीबीचं कार्ड सहा दिवस पुरतं, मग जुनं पुसत जातं. गावाला पंधरा दिवस जाणार असाल तर हे आधी कळलेलं बरं. कार्ड कॅमेऱ्यासाठी बनवलेलं घे, फोनमधलं साधं कार्ड सततच्या लिहिण्याने लवकर जातं. राउटरला छोटा यूपीएस लाव, पण लिफ्टजवळच्या नेटच्या पेटीला बॅकअप आहे का ते सेक्रेटरींना विचार. ती बंद पडली तर तुझा यूपीएस असून नसून सारखाच.

चाहूल घेणारे सेन्सर ऋतू बघून वागतात, हे माहितीपत्रकात सहसा नसतं. ते अंगाची ऊब भोवतालपेक्षा वेगळी दिसते म्हणून माणूस ओळखतात. मे महिन्यात भिंतीच अंगाइतक्या तापल्या की त्यांची नजर मंदावते. आषाढात लाकडी दार फुगतं, नीट मिटत नाही, मग दाराचं लोहचुंबक सेन्सरपासून दूर राहतं आणि फोन ओरडत बसतो: दार उघडं. आणि पावसाळ्यात बाहेरच्या कॅमेऱ्याच्या दिव्याभोवती किडे जमतात, त्यांच्यामागे कोळी येतो, रात्री जाळं हललं की सूचना. महिन्यातून एकदा मऊ कपड्याने पुसणं, एवढाच त्यावर इलाज. खोट्या सूचना वाढल्या की लोक सूचनाच बंद करतात, आणि खरी येते तेव्हा कुणी बघत नाही.

वायरमनला पहिला प्रश्न: बोर्डात न्यूट्रल आहे का? स्मार्ट स्विचला बहुधा लागतो, आणि आपल्याकडे पुष्कळ बोर्डांत फक्त फेज आणलेला असतो. गीझरला सोळा अँपिअरचाच स्विच. दोन किलोवॉटचा गीझर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो, दहाचा प्लग रोज तापून वितळतो.

बसवणारा मुलगा चटकन काम व्हावं म्हणून स्वतःच्या नंबरवरून खातं उघडतो. ते चालू देऊ नकोस. मालकाचं खातं तुझ्या नंबरवर, पासवर्ड तू टाकलेला, आणि तो जाताना त्याचं नाव काढलेलं. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदल. २०१६ साली 'मिराय' नावाच्या प्रोग्रॅमने असेच न बदललेले साठेक नाव-पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाइट काही तास आडव्या पाडल्या. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता. त्याच वर्षी तिकडे रिव्हॉल्व्ह नावाचा घर चालवणारा डबा कंपनीने सर्व्हर बंद केल्यावर जागच्या जागी निकामी झाला. म्हणून वस्तू घेताना विचार, कंपनीचा सर्व्हर बंद पडला तर ही घरातल्या घरात चालेल का. खोक्यावर मॅटरची खूण असली तर बरं; ते मानक २०२२ मध्ये आलं, त्यात वेगवेगळ्या कंपन्यांच्या वस्तू घरातल्या घरात बोलतात.

गावाला जाताना दिवे रोज नेमके सातला लावू नकोस, थोडे पुढेमागे होऊ देत, आणि स्वयंपाकघरातला दिवाही त्यात घे. पण दारातली दुधाची पिशवी आणि पेपरचा गठ्ठा कुठल्याच ॲपला उचलता येत नाही. त्यासाठी शेजारच्या काकूंनाच सांगून जायचं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी येतो. टेस्टर आणि मल्टिमीटर घेऊन येईन, सेल तू आणून ठेव. जेवणं झाली की रात्री मेन मी पाडीन. दार सासूबाई उघडतील, तू नुसतं बाजूला उभं राहायचंस.