आपापल्या घरासमोर आणि कर्ण्याच्या ठिकाणी

शास्त्रपाठ: नहेम्या २:११–१८, ३:१–३२, ४:१५–२३, ५:१–१३, ६:१–९, ११:१–२
मुखपाठासाठी: नहेम्या ४:२०

प्रस्तावना

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली आणि कचेऱ्यांची दारे बंद झाली. हैदराबाद, वडोदरा, इंदूर यांसारख्या शहरांतील आपल्या मंडळ्यांतल्या अनेक तरुण-तरुणींचे काम घरातल्या टेबलावर आले. लॅपटॉपवर काम सुरू झाले, मीटिंगही त्यावरच होऊ लागल्या. पुढे साथ ओसरली, दारे उघडली, आणि कंपन्यांनी माणसांना परत बोलावण्यास सुरुवात केली. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाच दिवस ऑफिसात येण्यास सांगितले, तर ॲमेझॉनने जानेवारी २०२५ पासून तोच नियम केला. ज्या झूमच्या साहाय्याने जगभरच्या मीटिंग घरबसल्या झाल्या, त्या झूम कंपनीनेही ऑगस्ट २०२३ मध्ये ऑफिसच्या जवळपास राहणाऱ्या आपल्या नोकरांना आठवड्यातून किमान दोन दिवस प्रत्यक्ष येण्यास सांगितले.

परंतु पुष्कळांचे पाऊल जड झाले आहे. “जे काम घरून होते त्यासाठी दोन तास रस्त्यात का घालवावे?” असा त्यांचा प्रश्न आहे. वरिष्ठ म्हणतात, “लोक आळशी झाले.” कनिष्ठ म्हणतात, “ह्यांचा आमच्यावर विश्वास नाही.” तरुण संघाच्या बैठकीत हा विषय निघाला की दोन्ही बाजूंचे लोक एकाच बाकावर बसलेले आढळतात. म्हणून ह्या महिन्याच्या पाठात आपण नहेम्याच्या पुस्तकाकडे वळू या. यरुशलेमेचा कोट बांधणाऱ्या लोकांपुढे हाच प्रश्न वेगळ्या रूपाने उभा होता. काम कोठे करावे, आणि एकत्र केव्हा यावे?

१. घरासमोरचे काम हे खरे काम आहे (अध्याय ३)

इ. स. पूर्व ४४५ च्या सुमारास अर्तहशश्त राजाची परवानगी घेऊन नहेम्या शूशनहून यरुशलेमेस आला. तिसरा अध्याय आपण बहुधा नावांची कंटाळवाणी यादी समजून ओलांडतो. तो सावकाश वाचावा. त्यात एक गोष्ट पुनःपुन्हा येते. अमुक मनुष्याने आपल्या घरासमोरचा भाग दुरुस्त केला (वचने १०, २३, २९), याजकांनी आपापल्या घरासमोर काम केले (वचन २८), आणि एकाने तर आपल्या खोलीसमोरचा भाग उचलला (वचन ३०). शल्लूमाच्या कन्याही कामाला लागल्या (वचन १२).

घराजवळ काम केल्याने जाण्यायेण्याचा वेळ वाचला. आपल्याच मुलाबाळांचे रक्षण होणार हे डोळ्यांसमोर असल्याने कामात जीव ओतला गेला. ह्या लोकांना शास्त्राने कोठेही आळशी म्हटलेले नाही. उलट त्यांची नावे लिहून ठेवली आहेत, आणि कोट ५२ दिवसांत पुरा झाला (६:१५).

म्हणून घरून काम करणाऱ्या मनुष्याला कामचुकार समजणे योग्य नव्हे. प्रेषित पौल कलस्सैकरांस लिहितो की चाकरी धन्याच्या नजरेपुरती नसावी, ती प्रभूचे भय बाळगून मनापासून करावी (कलस्सै ३:२२–२३). जो नजरेआड असतानाही प्रामाणिकपणे काम करतो, त्याने ही शिकवण पाळली आहे. पुढच्याच अध्यायाच्या आरंभी धन्यांनाही न्यायाने व समतेने वागण्याची आज्ञा आहे. ज्या बाईने स्वयंपाक, आजारी सासूबाई आणि मुलांचा अभ्यास सांभाळून वेळेवर काम पुरे केले, तिला “आता खरे काम करायला या” असे म्हणणे म्हणजे तिच्या श्रमांचा अपमान होय.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या मंडळ्यांत परिचारिका, कारखान्यात पाळीवर जाणारे कामगार व बसचालक आहेत. त्यांना घरून काम करण्याची सोय त्या काळातही नव्हती. घराची सोय हा हक्क म्हणून मांडण्यापूर्वी त्यांची आठवण करावी.

२. घरासमोरून सगळा कोट दिसत नाही (४:१५–२३)

तथापि घरासमोरच्या कामात एक उणीव होती, आणि नहेम्याने ती ओळखली. तो लोकांना सांगतो की काम मोठे व पसरलेले आहे आणि आपण कोटावर एकमेकांपासून दूर पडलो आहो. प्रत्येकाला समोरचा तुकडा दिसत होता. शेजारच्या तुकड्यावर कोण थकला आहे, कोठे दगड कमी पडले आहेत, शत्रू कोणत्या बाजूने येत आहे, हे दिसत नव्हते.

त्यावर त्याने काय केले? सर्वांची घरासमोरची कामे मोडून त्यांना दिवसभर एका चौकात उभे केले नाही. कर्णा वाजवणारा त्याने स्वतःजवळ ठेवला, आणि ज्या ठिकाणी कर्ण्याचा आवाज ऐकू येईल त्या ठिकाणी जमा व्हा, असे सांगितले. ते ठिकाण ठरलेले नव्हते. जेथे संकट येईल तेथे कर्णा वाजायचा. नहेम्याच्या सोयीची जागा किंवा त्याचा मान हे बोलावण्याचे कारण नव्हते. धोका वाढला तेव्हा बाहेरगावच्यांनी रात्रीही यरुशलेमेतच राहावे असे त्याने सांगितले, आणि स्वतः त्यानेही अंगावरचे कपडे उतरवले नाहीत (वचने २२–२३).

आजच्या ऑफिसातही असेच घडते. घरातल्या पडद्यावर आपला तुकडा स्वच्छ दिसतो. नव्याने लागलेला मुलगा तीन दिवस एकाच चुकीत अडकून बसला आहे, विचारायला लाजतो आहे, आणि रात्री उशाशी काळजी घेऊन झोपतो आहे, हे पडद्यावर दिसत नाही. त्याचा चेहरा चौकटीत असतो, परंतु कॅमेरा बहुधा बंद असतो.

३. काही बोलणी तोंडासमोरच व्हावी लागतात (५:१–१३)

पाचव्या अध्यायात कोटाच्या आतच आग लागलेली दिसते. गरिबांनी शेते गहाण टाकली होती, मुलेमुली दास्यात गेली होती, आणि व्याज घेणारे त्यांचेच भाऊबंद होते. त्यांची ओरड नहेम्याने ऐकली तेव्हा त्याला राग आला. तरी त्याने आधी मनाशी विचार केला, मग श्रीमंतांना दोष दिला आणि त्यांच्याविरुद्ध मोठी सभा भरवली. त्या सभेत ज्यांनी अन्याय केला होता ते गप्प राहिले, कारण त्यांना उत्तर सुचेना. मग त्यांनी परत देण्याचे कबूल केले आणि सर्व मंडळीने आमेन म्हटले.

हे काम निरोपाने झाले असते का? ज्याचे शेत गेले तो मनुष्य समोर उभा असताना “हिशेबाने बरोबर आहे” असे म्हणणे कठीण जाते. पगार, बढती, कामाचा अन्याय्य बोजा, दोन सहकाऱ्यांमधला अबोला, ह्या गोष्टी लिहून पाठवल्या की पुष्कळदा चिघळतात. समोर बसले की त्यांतल्या काही सुटतात. ज्याची तक्रार असते त्यालाच समोर येण्याची भीती अधिक वाटते. परंतु न्याय मागणाऱ्याला आपला चेहरा दाखवण्याची संधी अशाच बैठकीत मिळते.

४. प्रत्येक बोलावण्याला जाणे बंधनकारक नाही (६:१–९)

ह्याच नहेम्याने एका बैठकीला जाण्यास साफ नकार दिला, ही गोष्ट आपण विसरतो. सन्बल्लट व गेशेम यांनी त्याला ओनोच्या मैदानातील एका गावी भेटीस बोलावले. एकदा नव्हे, चार वेळा. चारही वेळा त्याने कळवले की मी मोठ्या कामात आहे, ते सोडून खाली आलो तर काम बंद पडेल. त्या बोलावण्यामागे घात होता.

आपल्या ऑफिसातील बोलावण्यामागे घात असेल असे नाही. परंतु ज्या बैठकीचा हेतू कोणालाच ठाऊक नाही, जिच्यात दहा माणसे बसतात व दोनच बोलतात, आणि जिच्यासाठी गर्भवती स्त्रीला गर्दीतून तासभर उभ्याने प्रवास करावा लागतो, त्या बैठकीविषयी नम्रपणे “ह्याने काम थांबेल” असे कळवण्यात पाप नाही. नहेम्याने बोलावणे टाळले नाही किंवा खोटे कारण सांगितले नाही. त्याने उत्तर पाठवले. नेटवर्क गेले, पोट दुखते, अशी खोटी कारणे देणे ख्रिस्ती मनुष्याला शोभत नाही. खरे कारण सांगावे आणि ऐकणाऱ्यानेही ते ऐकावे.

५. यायला कोण तयार आहे? (२:११–१८, ११:१–२)

बोलावणाऱ्यांची जबाबदारी नहेम्याच्या वागण्यावरून शिकावी. लोकांना हाक मारण्यापूर्वी त्याने रात्री स्वतः फिरून कोट पाहिला. मग लोकांना दुर्दशा समजावून सांगितली, आणि तेव्हा ते कामाला उठले. आधी पाहणी, मग कारण, मग हाक, असा त्याचा क्रम होता. आपण पुष्कळदा हाक आधी मारतो.

कोट पुरा झाल्यावर अडचण निराळी आली. नगर मोठे होते आणि त्यात राहणारे थोडे होते (७:४). अकराव्या अध्यायात त्याचा उपाय आहे. अधिकारी स्वतः यरुशलेमेत राहिले. बाकीच्यांनी चिठ्ठ्या टाकून दहांतला एक आणला, आणि नऊ जण आपापल्या गावी राहिले. त्या नऊ जणांना दोष दिलेला नाही. जे आपखुशीने आले त्यांना लोकांनी आशीर्वाद दिला.

ह्यातून तीन गोष्टी घ्याव्या. पुढाऱ्यांनी आधी यावे. बोजा न्यायाने वाटावा, आवडत्याला सूट व नावडत्याला सक्ती असे नसावे. आणि येणाऱ्याला त्याची किंमत पडते, म्हणून त्याला धन्यवाद द्यावे. निदान त्याला गृहीत धरू नये.

जगातल्या अभ्यासकांनाही असेच काहीसे आढळले आहे. चीनमधील ट्रिप डॉट कॉम ह्या कंपनीतील १,६१२ नोकरांचा अभ्यास २०२४ मध्ये ‘नेचर’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम केल्याने त्यांच्या कामाचा दर्जा घटला नाही, आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने कमी झाले. हे घरासमोरच्या कामाच्या बाजूचे झाले. दुसरा अभ्यास अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीतील संगणक अभियंत्यांचा आहे. साथीपूर्वी जे आपल्या गटाजवळ एकाच इमारतीत बसत, त्यांना सहकाऱ्यांकडून कामावर अधिक सूचना मिळत, आणि त्याचा लाभ विशेषेकरून नवख्यांना व स्त्रियांना होई. परंतु ह्या सूचना देण्यात अनुभवी अभियंत्यांचा वेळ जाई आणि त्यांचे स्वतःचे काम कमी होई.

ह्या दुसऱ्या अभ्यासावर आपण थांबून विचार करावा. जवळ बसण्याचा खर्च मोठ्याने सोसला आणि लाभ लहानाला झाला. म्हणूनच “मला ऑफिसात जाऊन काय मिळते?” ह्या प्रश्नाचे अनुभवी मनुष्याला प्रामाणिक उत्तर कित्येकदा “काही नाही” असेच मिळेल. त्याचे काम घरून अधिक होते, हे खरे आहे. परंतु ख्रिस्ती मनुष्याचा प्रश्न तेवढ्यावर संपत नाही. प्रत्येकाने आपलेच हित न पाहता दुसऱ्याचेही पाहावे, अशी आपल्याला शिकवण आहे (फिलिप्पै २:४). म्हणून आपण विचारावे, “तेथे माझी गरज कोणाला आहे?” तुम्ही नवखे होता तेव्हा तुमच्या खुर्चीजवळ कोणीतरी उभे राहिले होते. त्या दिवशी त्याचेही काम मागे पडले असेल.

मंडळीसाठी

हीच कसोटी रविवारच्या उपासनेलाही लावावी. अंथरुणाला खिळलेल्यांना, वृद्धांना, दूरगावी एकट्या असलेल्या कुटुंबांना मोबाइलवरून उपासना ऐकता येते, ही देवाची दया आहे. ती सोय आपण बंद करू नये. प्रेषितांनीही पत्रांचा उपयोग केलाच. परंतु योहान आपले पत्र आटोपते घेतो, कारण त्याला समोरासमोर बोलायचे आहे (२ योहान १२). आणि पौल रोमकरांना भेटू इच्छितो तो केवळ देण्यासाठी नव्हे, तर एकमेकांच्या विश्वासाने दोघांना धीर मिळावा म्हणून (रोम १:११–१२). इब्रीकरांस पत्रात एकत्र येणे सोडू नका असे सांगितले आहे ते हजेरी भरण्यासाठी नाही. प्रीतीला व सत्कर्मांना एकमेकांनी चालना द्यावी, हे त्याचे कारण तेथेच दिले आहे (इब्री १०:२४–२५).

धडधाकट असून घरच्या खुर्चीत बसून उपासना ऐकणाऱ्याला उपदेश मिळतो, गीतेही मिळतात. परंतु ज्या विधवेशेजारची जागा त्याने रिकामी ठेवली, तिला त्या दिवशी काय मिळाले? आणि मंडळीच्या पुढाऱ्यांनीही विचारावे की आलेल्या मनुष्याशी उपासनेनंतर कोणी दोन शब्द बोलले काय. कोणी बोलणार नसेल, तर तो पुढच्या रविवारी घरी राहिला यात नवल ते काय?

नहेम्याच्या काळी घरासमोरचे काम आणि कर्ण्याच्या ठिकाणचे जमणे, ही दोन्ही मिळून एक कोट उभा राहिला. आपल्या घरातल्या कामाबद्दल देवाचे उपकार मानावे, आणि कर्णा वाजला तर कान उघडे ठेवावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. नहेम्या तिसऱ्या अध्यायात घरासमोर काम करणाऱ्यांची नावे का लिहिली असावीत?
२. तुमच्या ऑफिसात, शाळेत अथवा कारखान्यात समोरासमोर बसल्याशिवाय न सुटणारी कोणती गोष्ट आज अडून राहिली आहे?
३. तुम्ही इतरांना बैठकीस बोलावत असाल, तर मागील महिन्यातील कोणती बैठक खरोखर कर्ण्याच्या योग्यतेची होती?
४. तकोवा गावच्या सामान्य लोकांनी आपला भाग पुरा करून आणखी एक भाग उचलला. त्यांच्या सरदारांनी मात्र कामाला मान वाकवली नाही (३:५, २७). आपल्यामध्ये हे चित्र कोठे दिसते?
५. ह्या आठवड्यात प्रत्यक्ष जाऊन भेटावे असा एक मनुष्य कोण? त्याचे नाव मनात ठरवूनच बैठक संपवावी.

प्रार्थनेचे विषय

नव्याने कामाला लागलेले आणि विचारायला लाजणारे तरुण. घर व नोकरी यांची ओढाताण सोसणाऱ्या भगिनी. माणसांना बोलावण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे ते सर्व. आणि मंडळीपासून दुरावलेली, कोणीतरी बोलवण्याची वाट पाहणारी कुटुंबे.