बांधलेल्या जनावराचा हक्क

मांजर कोंडून ठेवणाऱ्या स्त्रीची हदीस आपल्याला परिचित आहे. सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आली आहे. त्या स्त्रीने मांजरीला खाऊ घातले नाही आणि किडे-कीटक खाऊन जगण्यासाठी मोकळेही सोडले नाही. मांजर मेली व ती स्त्री शिक्षेस पात्र ठरली. ही हदीस सांगताना आपण बहुधा उपासमारीपाशीच थांबतो. परंतु मोकळे जनावर आपली गरज स्वतः भागवते. ज्याने त्याला बांधले, त्याच्यावर ती भागवण्याची जबाबदारी येते, हाही बोध तीत आहे. अन्नपाणी ही पहिली गरज, हालचाल ही दुसरी.

अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांतील एका हदीसमध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मांजरीला अपवित्र मानलेले नाही, आपल्या अवतीभवती फिरत राहणाऱ्यांपैकी ती एक आहे, असे सांगितले. फिरणे हीच जिची ओळख, तिला दिवसभर एका खोलीत डांबणे कितपत योग्य? कुत्र्याचा विचारही असाच आहे. केवळ हौसेखातर तो पाळणाऱ्याच्या पुण्यात रोज घट होते. मात्र शिकार, गुरे व शेतीची राखण यांसाठी परवानगी आहे. ही सारी कामे धावण्याची आहेत. राखणीसाठी आणलेला कुत्रा आयुष्यभर साखळीला राहिला, तर त्या परवानगीचा हेतूच उरत नाही.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांत हा प्रश्न अधिक बिकट आहे. रानडुकरांपासून धान राखायला शेतकऱ्याला कुत्रा लागतो. आणि बिबट्याला कुत्रा हे सोपे भक्ष्य असते. मोकाट कुत्र्यामागे बिबट्या वस्तीत येतो आणि संकट लेकराबाळांपर्यंत पोहोचते. फेब्रुवारी 2022 मध्ये चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात वाघ व बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, हे आपण विसरलेलो नाही. शिवाय मोकाट कुत्री चितळांच्या मागे लागतात आणि आपले रोग जंगलात नेतात. म्हणून येथे जनावर बांधणे भागच आहे. पण त्याचे फिरणे आपण थांबवले, तर ते घडवून आणणेही आपलेच काम ठरते.

त्यासाठी वेळ नेमावी. बिबट्या अंधारात व झुंजुमुंजूच्या वेळी अधिक वावरतो. म्हणून फज्रनंतर लगेच नव्हे, तर सूर्य वर आल्यावर, आणि सायंकाळी अस्रनंतर, मगरिबच्या पुरेसे आधी कुत्र्याला दोरीने फिरवावे. धडधाकट कुत्र्याला रोज अर्धा ते एक तास पुरेसा होतो. चंद्रपूरचा पारा 45 अंशांपलीकडे जातो, तेव्हा आधी हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवावी. आपल्याला चटका बसला तर त्याच्या पंजांनाही बसणारच. अशा दिवसांत सकाळचीच फेरी बरी. मांजरीसाठी दोरीला चिंधी बांधून दिवसातून दोन-तीन वेळा दहा-दहा मिनिटे खेळ पुरतो. हे काम मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली करावे. त्यातून त्यांना दयेचे शिक्षण मिळते. नमाजचे कपडे मात्र वेगळे ठेवावेत.

हालचाल नसलेले जनावर स्थूल होते, त्याचे सांधे आखडतात. कंटाळलेला कुत्रा रात्रभर भुंकतो, म्हणजे शेजाऱ्याचाही हक्क डावलला जातो. उलट टोकही टाळावे. मालक उपाशी ठेवतो व राबवून थकवतो, अशी तक्रार एका उंटाने केल्याचे सांगून प्रेषितांनी (स.) त्याच्या मालकाला अल्लाहचे भय बाळगण्यास बजावले होते. म्हातारे, आजारी वा गाभण जनावर त्याच्या ताकदीपलीकडे दमवणे हाही जुलूमच आहे.

ज्याला रोज इतका वेळ देणे शक्य नाही, त्याने जनावर आणूच नये. न पाळण्यात गुन्हा नाही, पाळून कोंडण्यात आहे. मुक्या जिवाला तक्रार करता येत नाही, परंतु त्याचा निर्माता सारे पाहतो. अल्लाह आपल्या सर्वांना हे हक्क ओळखण्याची व अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.