पावसात सौदा रद्द, मग त्याचे पाच हजार कसे घेतलेस?

माझी चूक आधी कबूल करतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळा. मी सट्टा लावला, तो लावायला नको होता. पण हिशेब माझा बरोबर होता आणि तो माणूस खोटं बोलला, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन.

२०२३ च्या आयपीएलची फायनल, अहमदाबादला. २८ मेचा रविवार पावसात गेला, टॉससुद्धा झाला नाही. सोमवारी, राखीव दिवशी, गुजरातने २१४ केले. डाव संपला तेव्हा आमच्याकडे गुजरातचा भाव साठ पैसे होता. मी वीस हजारांची गुजरात खाल्ली. म्हणजे गुजरात जिंकली तर मी बारा हजार द्यायचे, हरली तर वीस हजार मला. ते बारा हजार घरात होते ते भाताच्या बियाण्याचे आणि पावसाआधी घर शाकारायचे.

चेन्नईचे तीन चेंडू झाले आणि तिकडे पाऊस आला. आमच्या गावी, गडबला, थेंब नव्हता. उकाड्याने घामाघूम होऊन आम्ही टीव्हीवर दुसऱ्याच्या गावचा पाऊस बघत बसलो, बाहेर हायवेवर ट्रेलरची घरघर. रात्री १२ वाजून १० मिनिटांनी खेळ पुन्हा सुरू झाला: १५ षटकं, १७१ धावा. शेवटच्या दोन चेंडूंत दहा हवे होते. जडेजाने मोहित शर्माला आधी षटकार, मग चौकार मारला. मी झोपलोच नाही.

सकाळी बुकीला फोन केला. तो म्हणाला, "दादा, पावसान सगले सौदे कट. तुजं पन गेलं नाय, माजं पन नाय." षटकं कमी झाली म्हणजे ठरलेला सामनाच राहिला नाही, असं त्याचं म्हणणं. मला तेव्हा ते पटलं. पाऊस तर सगळ्या देशाने पाहिला होता.

चार दिवसांनी एका हळदीला चुलतभाऊ शेजारी बसला होता. बोलता बोलता म्हणाला, गुजरातने पाच हजारांना बुडवलं. मी विचारलं, कुणाकडे लावले होतेस? त्याच माणसाकडे. दिलेस? दिले की, त्याच सकाळी, मोबाईलवरून. मी त्याचा फोन मागून घेतला. पैसे गेल्याची वेळ होती आठ चाळीस. माझ्या फोनमध्ये बुकीशी झालेलं बोलणं नऊ दहाचं. बेंजो जोरात वाजत होता आणि मी ते दोन आकडे पुन्हा पुन्हा वाचत होतो. मला "सौदे कट" सांगायच्या अर्धा तास आधी त्याने त्याच सामन्याचे पैसे माझ्याच घरातून नेले होते. पाऊस दोघांवर एकच पडला होता, नियम मात्र दोन झाले.

दुसऱ्या दिवशी वडखळ नाक्यावर त्याला गाठला. तो मोटरसायकलवरून उतरलासुद्धा नाही. म्हणाला, "जा ना पोलीस ठाण्यात. काय सांगशील?" त्याचं हे वाक्य वीस हजारांपेक्षा जास्त लागलं, कारण ते खरं होतं.

आता ज्यांना हे उपयोगी पडेल त्यांच्यासाठी.

पहिलं. पाऊस आला म्हणून सामना संपत नाही. टी-ट्वेंटीत दुसऱ्या संघाला किमान पाच षटकं मिळाली की डकवर्थ-लुईस-स्टर्नने निकाल लागतो आणि तो पूर्ण निकाल असतो. नुसत्या प्रमाणाने १५ षटकांना १६१ आले असते. दहाच्या दहा विकेट हाताशी आणि षटकं थोडी, म्हणून ते १७१ झाले. एवढं काटेकोर गणित झाल्यावर "निकालच नाही" म्हणणारा लबाड आहे.

दुसरं. परवाना असलेल्या परदेशी बुकमेकरांकडे सहसा अशी रीत असते: कोण जिंकणार, हा सौदा अधिकृत निकालावर उभा राहतो. वीस षटकांत किती धावा, अमक्या षटकापर्यंत किती, असे सौदे षटकं कापली गेली आणि निकाल आधीच ठरलेला नसला तर रद्द होतात. खेळच झाला नाही तर लावलेले पैसे परत. आमच्याकडे अशा सौद्याला सेशन म्हणतात. त्या रात्री वीस षटकांचा एक सेशनही मी लावला होता; तो आमच्या बुकीने रद्द केला, ते मला मान्य आहे. पण सेशनचा नियम त्याने सामन्याला लावला. सामना आणि स्पर्धा हेही वेगळे सौदे. त्या रात्री सुपर ओव्हरही शक्य झाली नसती तर साखळीत पहिली असलेली गुजरात फायनल न जिंकताच विजेती ठरली असती.

तिसरं, आणि हे सगळ्यांत कडू. वरचा एकही नियम आपल्या कामाचा नाही. ब्रिटनमध्ये २००५ च्या कायद्याने पैजेचे पैसे कोर्टात मागता येतात. आपल्याकडे करार कायदा, १८७२ चं कलम ३० पैजेचा करार शून्य मानतं. मुंबईचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा तर पावसावरच्या पैजांनाही धरतो. म्हणजे पैसे मागायला जाणाराच आधी आरोपी. "आमचं ऑनलाइन आहे, सगळं लिखित आहे" म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळही बंद केले आहेत. ॲपवाल्याने फसवलं असेल तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, कळवा. रात्री झोप उडाली असेल, घरी बोलायची हिंमत नसेल तर मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनशी, १४४१६ वर, बोला. मी बोललो नाही, तीन महिने बायकोशी नीट नजर मिळवली नाही.

बाकी नेहमीचं: उसने घेऊन लावू नका, हरलेलं भरून काढायला लावू नका. हे सगळ्यांना ठाऊक असतं, मलाही होतं.

शेवटचं मात्र कुणी सांगत नाही. मी आणि चुलतभाऊ एका अंगणात वाढलो, भिंतीला भिंत लागून राहतो, आणि त्या रात्री एकाच सामन्यावर, एकाच माणसाकडे, एकमेकांपासून चोरून पैसे लावून बसलो होतो. तो माणूस आमच्या लपवण्यावर जगत होता. आम्ही सकाळी आठ वाजता अंगणात एकमेकांना विचारलं असतं, तर त्याला दोन नियम करताच आले नसते. म्हणून लाज गिळून हे उघड सांगतो आहे. तुम्हीही सांगा, निदान घरातल्या माणसाला.