जुन्या संगणकांना लिनक्सने रामराम ठोकावा का?

‘लिनक्स जुन्या पीसीवरसुद्धा मस्त पळतं’ हे वाक्य आपण फर्स्ट इयरपासून ऐकत आलोय. सीनियर्स सांगतात, लॅबमधले सर सांगतात आणि आपणही ज्युनियर्सना तेच ऐकवतो. हे वाक्य आता जरा तपासून घ्यायला हवं. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ आलं, त्याचं नाव ‘ट्रिक्सी’. त्यात ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर नाही आणि कर्नलही नाही. डेबियन म्हणजे कोणी ऐरंगैरं नव्हे. १९९३ पासूनचं, उबुंटूसकट कित्येक डिस्ट्रोंचं हे मूळ घराणं. त्यानेच हात वर केले, म्हणून या लेखाचा खटाटोप. (अस्मादिक कॉन्व्हेंटचे! ‘आर्किटेक्चर’ला मराठीत काय म्हणावं यावर तासभर गाडी अडली. ‘घडण’ हा शब्द मला आवडला, पण खाली आर्किटेक्चरच लिहिते. ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.)

आधी थोडी उजळणी. प्रोसेसरला मोजक्याच आज्ञा समजतात. ही संख्या इथून उचल, त्यात ती मिळव, तिथे नेऊन ठेव, एवढंच. कुठल्या आज्ञा समजतात आणि त्या कशा लिहायच्या याची ठरलेली व्यवस्था म्हणजे आर्किटेक्चर. आपल्या डेस्कटॉपचं एक, मोबाईलमधल्या एआरएमचं दुसरं. इंटेलच्या घरात १९८५ च्या ३८६ पासून ३२ बिटांची वंशावळ सुरू झाली. लायनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स लिहिलं तेही ३८६ वरच. ३२ बिटांचा पत्ता म्हणजे दोनाचा बत्तिसावा घात, अर्थात ४ जीबी. एका प्रोग्रामला यापलीकडची मेमरी दिसतच नाही. २००३ मध्ये एएमडीने ऑप्टेरॉन काढून त्याच आज्ञांना ६४ बिटांची जोड दिली, इंटेलनेही पुढे तीच वाट धरली, आणि आज दुकानात मिळणारा साधा इंटेल-एएमडीचा पीसी त्याच वंशातला असतो.

लिनक्स हा नुसता कर्नल. त्याच्याभोवती हजारो प्रोग्राम गोळा करून, जुळवून, तपासून देतं ते डिस्ट्रिब्युशन. डेबियन १३ मध्ये जवळजवळ सत्तर हजार पॅकेजेस आहेत. त्यातली ढीगभर प्रत्येक आर्किटेक्चरसाठी वेगवेगळी कंपाइल करावी लागतात, आणि एखादं अडलं की कोणीतरी बसून कारण शोधावं लागतं. पगार नाही, हौसेचं काम!

३२ बिटांत अडण्याची कारणंही नमुनेदार आहेत. जुन्या पद्धतीत दशांशाचं गणित एक्स८७ नावाच्या युनिटवर होतं. ते आतल्या आत ८० बिटांत मोजतं. ६४ बिटवाले तेच गणित एसएसई२ वर ६४ बिटांत करतात. म्हणून तोच प्रोग्राम दोन्हीकडे शेवटच्या स्थळाला वेगळं उत्तर देतो आणि टेस्ट नापास होते. चूक कोणाचीच नसते, पण दिवस वाया जातो. दुसरं, ब्राउझरसारखा अगडबंब प्रोग्राम कंपाइल करताना लिंकरलाच ४ जीबी पुरत नाहीत. आणि तिसरं, सर्वांत गंभीर, सुरक्षा. मेल्टडाउनची भानगड जानेवारी २०१८ मध्ये उघड झाली. ६४ बिट कर्नलची दुरुस्ती त्याच महिन्यात ४.१५ मध्ये आली. ३२ बिटवाल्यांना ती ऑक्टोबरात, ४.१९ मध्ये मिळाली. नऊ महिने! तेव्हा ३२ बिट कागदोपत्री ‘सपोर्टेड’च होतं. माझ्या मते खरा धोका इथे आहे. यादीत नाव आहे, पण बघणारं कोणी नाही.

आता महाराष्ट्रातली एक गोष्ट सांगते. रायगड जिल्ह्यातल्या खैराट नावाच्या छोट्याशा वस्तीत २००७ साली ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चा भारतातला पहिला प्रयोग झाला. एकाच शाळेतली वीसेक मुलं आणि त्यांच्या हातात हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप. आत फेडोरावर बेतलेलं लिनक्स, २५६ एमबी रॅम आणि ४३३ मेगाहर्ट्‌झचा एएमडी जिओड एलएक्स प्रोसेसर. हा जिओड म्हणजे मजेदार प्राणी. ‘६८६’ पिढीच्या जवळजवळ सगळ्या आज्ञा त्याला येतात. एक येत नाही. कुठली? काहीच न करण्याची!

थट्टा नाही. ‘नॉप’ ही आज्ञा काहीही करत नाही. कोडमधली रिकामी जागा भरून पुढची आज्ञा सोयीच्या पत्त्यावर आणायला ती वापरतात. साधी नॉप एका बाइटची असते. पेंटियम प्रोपासून इंटेलकडे अनेक बाइटांची ‘लांब नॉप’ही आहे. हल्लीच्या कंपायलरांची एंडबीआर ही सुरक्षेची खूणसुद्धा याच लांब नॉपच्या जागेत बसवलेली आहे. नवा प्रोसेसर ती ओळखतो, मधल्या पिढीचा ती नॉप समजून पुढे जातो, आणि जिओड मात्र ‘ही आज्ञा मला ठाऊक नाही’ म्हणून प्रोग्रामच बंद पाडतो. डेबियन ११ (२०२१) पर्यंत जिओडला सांभाळून घेतलं होतं. जून २०२३ च्या डेबियन १२ ने लांब नॉप सक्तीची केली आणि जिओड बाद झाला. काही न करणं जमलं नाही म्हणून कोणी नापास झाल्याचं दुसरं उदाहरण निदान आमच्या कॉलेजात तरी नाही.

मला हा निर्णय अन्यायाचा वाटत नाही. २००७ च्या यंत्राला २०२३ पर्यंत चालू आवृत्ती मिळाली, म्हणजे सोळा वर्षं. लहान मुलांच्या हातातल्या लॅपटॉपसाठी हे पुष्कळच झालं. इतरांनी याच्या कितीतरी आधी गाशा गुंडाळला होता. आर्च लिनक्सने ३२ बिट २०१७ मध्ये सोडलं, फेडोराने २०१९ मध्ये. खुद्द कर्नलनेही फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ मध्ये ३८६ काढून टाकला, म्हणजे ज्याच्या मांडीवर वाढलं त्यालाच!

पण काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे आधीच वरून ठरवता येतं का? इथे डेबियनचाच जुना किस्सा फार बोलका आहे. मार्च २००५ मध्ये त्यांच्या काही जबाबदार मंडळींची कॅनडातल्या व्हँकुव्हरला बैठक झाली. त्या वर्षी निघालेल्या ‘सार्ज’ आवृत्तीत ११ आर्किटेक्चर्स होती आणि सगळ्यांची मोट बांधताना दमछाक होत होती. प्रस्ताव असा आला की पुढच्या आवृत्तीत चारच ठेवू : आय३८६, एएमडी६४, आयए६४ म्हणजे इटॅनियम, आणि पॉवरपीसी. केवढा गदारोळ झाला! प्रस्ताव तसाच्या तसा अमलात आला नाही. आता ती चार नावं पुन्हा बघा. इटॅनियम डेबियनमधून २०१५ मध्ये गेलं आणि कर्नलमधून २०२४ मध्ये. ३२ बिट पॉवरपीसी २०१७ मध्ये गेलं. आय३८६ चं २०२५ मध्ये अर्धं अंग गेलं. चारातलं एकच धडधाकट उरलं. आणि ‘छोटं’ म्हणून यादीबाहेर बसवलेलं एआरएम आज रास्पबेरी पायपासून मोबाईलपर्यंत सगळीकडे आहे. हुशार माणसं होती हो ती, पण दहा वर्षांपुढचं कोणाला दिसतं?

म्हणून वय हा निकष मला पटत नाही. सांभाळणारे हात आहेत की नाहीत, हाच निकष बरा. जुन्या मॅकिंटॉश आणि अमिगातला मोटोरोला ६८००० घ्या. डेबियनच्या अधिकृत यादीतून तो २००७ मध्ये गेला, तरी हौशी लोकांनी ‘डेबियन पोर्ट्स’मध्ये त्याला जगवलाय. सोर्स कोड खुला असल्याचा हा फायदा. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, तेव्हा कोणा हौशी माणसाला ‘मी सांभाळतो’ म्हणायची सोय नव्हती.

इथे माझं एक भांडण आहे. हात आहेत की नाहीत हे कळतं ओरडणाऱ्यांवरून. जून २०१९ मध्ये उबुंटूने ३२ बिट पॅकेजेस पूर्ण बंद करायचं जाहीर केलं. गेम खेळणारे आणि स्टीमवाली व्हॉल्व्ह कंपनी तुटून पडली, आणि आठवड्याच्या आत निवडक ३२ बिट पॅकेजेस ठेवायचं ठरलं. केळशीतून कोण ओरडणार? डेबियनमध्ये वापराची मोजदाद करणारं एक पॅकेज आहे, पण ते आपण ‘हो’ म्हटलं तरच चालतं आणि त्यालाही नेट लागतं.

केळशी हे माझं गाव, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी. महालक्ष्मीचं देऊळ, याकूबबाबांचा दर्गा आणि समुद्राकाठची वाळूची टेकडी यांसाठी लोक येतात. मी मात्र मे महिन्याच्या सुट्टीत पेनड्राइव्ह घेऊन घरोघर जुने संगणक मोजत फिरले. (लोकांना वाटलं मी सर्व्हेवाली!) सहा सापडले. सगळ्यांवर ३२ बिटांचीच सिस्टिम होती. पण आतला प्रोसेसर बघितला तर चार जण चक्क ६४ बिटवाले निघाले! दुकानदाराने तेव्हा जी सीडी हातात होती ती घातली आणि पुढे कोणी बघितलंच नाही. त्या चौघांत २ जीबी रॅम होती, त्यांच्यावर डेबियन १३ हलक्या डेस्कटॉपसह व्यवस्थित चढलं. तुम्हालाही बघायचं असेल तर टर्मिनलमध्ये प्रोसेसरची माहिती काढा आणि फ्लॅग्सच्या ओळीत ‘एलएम’ ही दोन अक्षरं शोधा. एलएम म्हणजे लाँग मोड. ती असली की यंत्र ६४ बिटांचं.

उरले दोन. एक जुना पेंटियम ४. त्याचा प्रोसेसर एकटाच साठ-सत्तर वॉट खातो, तो बंद ठेवावा हे मी स्वतःच सुचवलं. दुसरा माझ्या आत्याचा नेटबुक. ॲटम एन२७०, १ जीबी रॅम, अडीच वॉटचा चिमुकला प्रोसेसर, आणि अस्सल ३२ बिट. त्यावर ती सुपारीचा आणि आंब्याच्या पेट्यांचा हिशेब ठेवते. (गंमत म्हणजे हा ॲटम इतका साधा आहे की आज्ञा क्रमाने एकेक करत जातो, पुढचं आधीच करून ठेवायच्या भानगडीत पडत नाही. म्हणून मेल्टडाउन त्याला मुळी लागूच नाही!)

डेबियन १३ च्या माहितीपत्रकात ३२ बिटवाल्यांना स्पष्ट सांगितलंय की अपग्रेड करू नका. शक्य असेल तर ६४ बिट घाला, नाहीतर यंत्र निवृत्त करा. मी हे आत्याला समजावून सांगितलं.

“अगो, पण चालतंय ना ते? मग निवृत्त कशाला?”

“आत्या, नव्या दुरुस्त्या येणार नाहीत. नेटवर गेलीस तर धोका आहे.”

“मी कुठे जात्ये नेटवर? त्याला मोबाईल आहे.”

तिचं म्हणणं अगदीच उडवून लावता येत नाही. खरी भिंत डिस्ट्रोची नाहीच, ब्राउझरची आहे. ३२ बिट लिनक्ससाठी क्रोम २०१६ मध्येच थांबलं. फायरफॉक्सनेही १४४ नंतर, २०२५ च्या अखेरीस, तो नाद सोडला. डेबियनने उद्या ३२ बिट कर्नल परत आणलं तरी त्या १ जीबीत आजची वेबसाइट उघडायची नाही. पण सुपारीच्या हिशेबाला वेबसाइट लागत नाही.

तेव्हा माझं मत असं. डेबियनने ३२ बिट पीसी सोडला हे बरोबरच केलं. नावापुरता सपोर्ट ठेवून नऊ महिने दुरुस्ती न पोचवण्यापेक्षा ‘आता आमच्याच्याने होत नाही’ हे सांगणं प्रामाणिकपणाचं. फक्त ‘निवृत्त करा’ या दोन शब्दांवर भागवायला नको होतं. नेट तोडून वापरायचं असेल तर काय बंद करावं, ३२ बिट अजून बांधणारे अल्पाइन किंवा नेटबीएसडीसारखे पर्याय कुठले, याचं एक पान जोडलं असतं तर केळशीसारख्या गावात त्याचा उपयोग झाला असता.

आत्याच्या नेटबुकवर मी डेबियन १२ ठेवलंय. दीर्घकालीन मदतीचा काळ धरून त्या आवृत्तीची मुदत जून २०२८ ला संपते. वायफाय बंद केलंय, फायली पेनड्राइव्हने जातात. आणखी एक तारीख मी झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवून आलेय : १९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. त्या क्षणी ३२ बिटांत मोजलेले सेकंद संपतात आणि घड्याळ उलटं फिरून १९०१ मध्ये जातं. डेबियन १३ ने बाकी सगळ्या आर्किटेक्चर्सचं घड्याळ ६४ बिटांचं केलं. आय३८६ चं मुद्दाम केलं नाही, कारण जुने तयार प्रोग्राम चालवणं एवढंच काम आता त्याच्याकडे उरलंय. आत्याने तारीख वाचली आणि विचारलं, “तोवर याची बॅटरी टिकेल का गो?” बॅटरी आत्ताच वीस मिनिटं टिकते. खाऱ्या हवेने चार्जिंगची पिनही हिरवी पडलीये. पुढच्या खेपेला पुण्याहून नवी पिन नेणार आहे.