कोल्हापूरची ओसरी आणि बहिणाबाईंचे अभंग

एका आषाढीला आम्ही कोल्हापुराहून नंदवाळच्या दिंडीत चाललो होतो. विसाव्याला टाळ खाली ठेवले, कुणी पाणी प्यायले, कुणी पायातला काटा काढीत बसले. तेवढ्यात डोईवर तुळस घेतलेल्या एका आजींनी विचारले, "व्हय बुवा, त्यो देवळाचा अभंग आपण म्हणतो, त्यातली बहिणा म्हंजी शेतातली गाणी रचणारी बहिणाबाईच न्हवं?" शेजारचा टाळकरी लगेच म्हणाला, "हां मावशी, तीच ती."

आम्हाला हसू आले नाही, लाज वाटली. आजींचा प्रश्न सरळ होता. उत्तर देणारा चुकला, पण त्याला तरी कोणी कधी सांगितले होते? अभंग तोंडपाठ करून घेणारे आम्हीच, आणि तो कोणाच्या पोटातून आला हे न सांगणारेही आम्हीच. म्हणून या महिन्याचा पाठ त्या आजींसाठी.

शेतातली गाणी रचणाऱ्या बहिणाबाई चौधरी खानदेशातल्या, जळगावच्या. त्यांचा काळ १८८० ते १९५१. त्यांची थोरवी वेगळी. आपल्या अभंगातल्या बहिणाबाई त्यांच्या अडीचशे वर्षे आधीच्या, इ. स. १६२८ ते १७००. त्या तुकोबारायांच्या शिष्या. आणि कोल्हापूरकरांनी विशेष ध्यानात ठेवावे असे हे की, त्यांच्या जन्माला वळण लागले ते याच करवीर क्षेत्रात.

देवगाव ते कोल्हापूर

बहिणाबाईंचा जन्म वेरूळजवळच्या देवगावचा. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. तिसऱ्या वर्षी लग्न झाले. नवरा रत्नाकर पाठक, वय तीस, आणि तोही बिजवर. आज आपण अशा लग्नाला लग्न म्हणणार नाही, पण त्या काळी ती रीत होती. पुढे भाऊबंदकीच्या कटकटीत घर मोडले आणि आईबाप, जावई, लेक रातोरात गाव सोडून निघाले. भिक्षा मागत, मुक्काम करीत ते पंढरपुरास आले. तेथून महादेवाच्या शिंगणापुरास, मग रहिमतपुरास, आणि शेवटी कोल्हापुरास. तेव्हा कोल्हापूर आदिलशाही मुलखात होते, पण अंबाबाईचे क्षेत्र म्हणून पुराणे, कीर्तने आणि विद्वान ब्राह्मण यांची येथे वाण नव्हती. एका वैदिक ब्राह्मणाने आपल्या घराच्या ओसरीवर या मंडळींना जागा दिली.

हे सारे आम्ही कोणा चरित्रकाराच्या सांगण्यावरून लिहीत नाही. बहिणाबाईंनी ते स्वतःच्या अभंगांत सांगितले आहे. आपल्या जनाबाई, मुक्ताबाई, कान्होपात्रा यांचे अभंग गोड आहेत, पण त्यांतून आयुष्याचा धागा आपल्याला ओढून काढावा लागतो. बहिणाबाईंनी मात्र आईबाप, लग्न, वाट, मार, आजार असे एकामागून एक नीट मांडले. १९२९ साली जस्टिन अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने त्याचे इंग्रजी भाषांतर छापले. सातासमुद्रापलीकडच्या माणसाला ज्याची गोडी लागली, ते आपल्या फडावर क्वचितच निघते.

वासरू आणि कीर्तन

त्या घरधन्याला एक कपिला गाय आणि तिचे काळे वासरू दान मिळाले होते. पुढे त्याला स्वप्नात दृष्टांत झाला आणि त्याने गायवासरू रत्नाकरभटांना देऊन टाकले. त्या वासराला बहिणाबाईंचा असा लळा लागला की त्यांच्या हातून चारा-पाणी मिळाले तरच ते तोंड लावी. त्या पाण्याला निघाल्या की हे मागे, त्या पुराणाला निघाल्या की हे मागे.

त्याच सुमारास वडगावचे जयरामस्वामी कोल्हापुरास कीर्तनाला आले. हे दासपंचायतनातले सत्पुरुष. त्यांच्या कीर्तनात देहूच्या तुकोबांचे अभंग म्हटले जात. येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. देहू कुठे, कोल्हापूर कुठे! तुकोबा तेव्हा हयात होते, पण ते कोल्हापुरास आले नाहीत. त्यांचे शब्द आले. ते शब्द दुसऱ्या परंपरेच्या एका साधूने आपल्या मुखाने आणले आणि मागे कुठेतरी बसलेल्या एका परक्या गावच्या मुलीच्या कानी पडले. आमच्या मते बहिणाबाईंचा गुरूपदेश येथूनच सुरू झाला. स्वप्न मागाहून पडले.

एका एकादशीला कीर्तनाला फार दाटी झाली. वासरू नेहमीप्रमाणे आत आले होते. कोणी म्हणाले, माणसांना बसायला जागा नाही आणि हे जनावर कशाला? त्याला ओढून बाहेर घातले. ते बाहेर हंबरू लागले, आत बहिणाबाईंचा जीव कासावीस झाला. जयरामस्वामींच्या हे कानावर गेले. त्यांनी वासराला परत आत आणविले, वासराच्या आणि बहिणाबाईंच्या मस्तकावर हात ठेवला आणि या दोघांचा अधिकार मोठा आहे अशा अर्थाचे बोलले.

झाले! गावात चर्चा सुरू झाली. कोणीतरी तिखटमीठ लावून ती रत्नाकरभटांच्या कानी घातली. त्यांनी घरी येऊन बायकोला बेदम मारले आणि बांधून घातले. तिकडे गायीने आणि वासराने चारा-पाणी सोडले. मग दोरी सोडली, पण वासरू पुन्हा उभे राहिले नाही. बहिणाबाईंच्या मांडीवर मान टाकून ते गेले.

त्या दुःखाने बहिणाबाई बेशुद्ध पडल्या आणि काही दिवस तशाच राहिल्या. शुद्धीवर आल्यावर ध्यास एकच, तुकोबांचा. ज्यांना डोळ्यांनी पाहिले नाही त्यांचा. कार्तिक वद्य पंचमीला, रविवारी, तुकोबा स्वप्नात आले, मस्तकी हात ठेवला, कानी मंत्र सांगितला आणि हाती मंत्रगीतेची पोथी दिली. अभ्यासक हे वर्ष शके १५६९, म्हणजे इ. स. १६४७, मानतात.

तुकोबांना त्यांचे गुरू बाबाजी भेटले तेही स्वप्नातच, हे वाचकांना ठाऊक आहे. गंगास्नानाला जाताना वाटेत भेट, मस्तकी हात आणि 'रामकृष्णहरि' हा मंत्र. गुरूंना जे ज्या वाटेने मिळाले, तेच त्याच वाटेने शिष्येला मिळाले. ज्या बाईला घराचा उंबरा ओलांडायला नवऱ्याची मर्जी लागे, तिच्याकडे गुरूंनी यायचे तर दुसऱ्या कोणत्या दाराने यायचे?

मार लपविला नाही

आता अवघड भाग. स्वप्नाची वार्ता पसरली, लोक बहिणाबाईंना पाहायला येऊ लागले. रत्नाकरभटांना हे सहन होईना. आपण वेदपाठी ब्राह्मण, आणि बायको एका शूद्र वाण्याला गुरू म्हणते! त्यांनी तिला सोडून जाण्याचे ठरविले. तेव्हा ती तीन महिन्यांची गर्भार होती.

बहिणाबाईंच्या अभंगांत या वेळचे जे विचार आहेत ते वाचताना आमचा गळा दाटतो. बाईच्या जन्माला स्वतःची सत्ता नाही, वेद ऐकायचा अधिकार नाही, मंत्र घ्यायची सोय नाही. मग देवाने भक्तीची ओढ तरी का दिली, असे त्या देवालाच विचारतात. आणि त्याच बहिणाबाईंनी पतिव्रताधर्माचेही अभंग रचले. काही मंडळी त्यातले दुसरे तेवढे उचलतात आणि सुनांना ऐकवितात. काही आजकालची मंडळी पहिले तेवढे उचलतात. आम्ही म्हणतो, दोन्ही एकाच तोंडचे आहे, ते एकत्र वाचा. नवऱ्याची सेवा सांगणाऱ्या या बाईने नवऱ्याचा मार लपवून ठेवला नाही. आणि नवऱ्यासाठी तुकोबांनाही सोडले नाही. त्यांचे अभंग पुढे करून कोणी घरातला मार पोटात घालायला सांगत असेल, तर त्याने बहिणाबाई वाचलेल्या नाहीत.

पुढे काय झाले? निघायच्या वेळीच रत्नाकरभटांना तापाने गाठले. औषध चालेना. बहिणाबाईंनी रात्रंदिवस उशाशी बसून शुश्रूषा केली. पडल्या पडल्या त्यांच्या मनात आले की, आपण तुकोबांची निंदा केली तिचेच हे फळ. त्यांना पश्चात्ताप झाला, ताप उतरला, आणि तेच म्हणाले, चला देहूला. ज्याने मारले तोच वाट दाखवायला पुढे निघाला. हे परिवर्तन आम्हाला मोठे वाटते. पण त्यामुळे आधीचा मार योग्य ठरतो असे मात्र कोणी समजू नये.

वज्रसूची कोठून आली?

देहूला तुकोबांचे प्रत्यक्ष दर्शन झाले. तेथे सुख होते तसा त्रासही होता. मंबाजी गोसावी यांना एका ब्राह्मण घराने तुकोबांना गुरू करावे हे रुचले नाही. त्यांनी या घरावर डूख धरला आणि कपिला गायीलाही कोंडून मारले. गायीला मारलेले वळ तुकोबांच्या पाठीवर उमटले, असे परंपरा सांगते. तेथेच बहिणाबाईंना काशी ही मुलगी झाली.

आता पाहा. आधी नवऱ्याने ऐकविले, गुरू शूद्र. मग मंबाजींनी ऐकविले, गुरू शूद्र. दोनदा हा घाव बसलेल्या बाईने पुढे कोणता ग्रंथ मराठीत आणावा? वज्रसूची! हा मूळ संस्कृत ग्रंथ बौद्ध आचार्य अश्वघोषांच्या नावावर सांगितला जातो. याच नावाचे एक उपनिषदही आहे. त्यात प्रश्न एकच, ब्राह्मण म्हणावे कोणाला? जीवाला, देहाला, जातीला, विद्येला की कर्माला? एकेक पर्याय तपासून बाजूला सारला जातो आणि शेवटी उरते ते ब्रह्म जाणणे. बहिणाबाईंनी हा विचार अभंगांत मांडला. नुसता वाचला तर तो वेदान्ताचा कोरडा काथ्याकूट वाटेल. कोल्हापूरची ओसरी आणि देहूचा गोठा मनात धरून वाचला, म्हणजे त्यातला प्रत्येक प्रश्न कोणाला विचारला आहे ते कळते. त्यांनी भांडण केले नाही, उत्तर दिले.

देवळाचा अभंग

आता आजींच्या अभंगाकडे येऊ. त्यात बहिणाबाईंनी आपल्या संप्रदायाला देवळाची उपमा दिली. पायाचा मान ज्ञानोबांना, विस्ताराचा नामदेवांना, खांबाचा नाथांच्या भागवताला, कळसाचा तुकोबांना. स्वतःला त्यांनी एका दगडाचीही जागा ठेवली नाही. शेवटी आपले नाव घातले ते फडकणाऱ्या ध्वजेपाशी.

ध्वजा म्हणजे कापड. त्याला ना दगडाचे बळ ना कळसाचे सोने. वारा सोसायचा तो त्याने, आणि देऊळ कुठे आहे हे लांबच्या वाटसरूला दिसते तेही त्याच्यामुळे. त्यांनी हे मनात धरून लिहिले की नाही हे आम्ही सांगत नाही. पण त्यांचा जन्म ठाऊक झाल्यापासून आम्हाला तो चरण असाच ऐकू येतो. एवढे मात्र खरे की, देवळाचा सगळा नकाशा जिने आपल्याला काढून दिला, तिला एके दिवशी कीर्तनाला आल्याबद्दल मार खावा लागला होता.

पुढे बहिणाबाई शिऊरला राहिल्या. हे गाव हल्लीच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यात आहे. शके १६२२, म्हणजे इ. स. १७०० साली, अंतकाळ जवळ आला तेव्हा त्यांनी मुलाला, विठोबाला, जवळ बसवून आपल्या मागच्या बारा जन्मांची हकीकत सांगितली. हा तेरावा. त्यांची समाधी शिऊरलाच आहे.

आपण काय करावे?

या पाठातून आम्ही तीन गोष्टी घेतो. पहिली, अभंग म्हणण्यापूर्वी तो कोणाचा आणि कोणत्या प्रसंगाचा, हे दोन वाक्यांत सांगावे. वेळ जात नाही. उलट चाल बदलली नाही तरी ऐकणे बदलते.

दुसरी, गाणाऱ्याने मागच्या रांगेची आठवण ठेवावी. जयरामस्वामी गात होते तेव्हा समोर मानकरी बसले असतील. पण त्यांचे गाणे ज्या हृदयात रुजले ते मागे होते. आपला अभंग कोणाला गुरू होऊन भेटेल हे आपल्याला कळत नाही. म्हणून तो खोट्या आवाजात, घाईत, मिरवण्यासाठी म्हणू नये.

तिसरी सर्वांत महत्त्वाची. दाटी झाली म्हणून वासरू बाहेर घातले गेले. आपल्या मंडपात दाटी झाली की आपण कोणाला उठवितो? रडते मूल घेऊन आलेल्या सुनेला, मळक्या कपड्यांतल्या माणसाला, ताल चुकविणाऱ्या म्हाताऱ्याला? त्या वेळी जयरामस्वामींसारखे थांबावे, बाहेर गेलेल्याला आत बोलवावे आणि मग पुढचा चरण घ्यावा.

त्या विसाव्यावर आम्ही आजींना हे सारे सांगितले, अर्थात याहून थोडक्यात. त्या ऐकत होत्या. नवऱ्याने मारल्याचे आले तेव्हा त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग तुळस डोईवर घेत म्हणाल्या, "म्हंजी ती आपल्याच गावात रडली व्हय. आता म्हणताना तिची सय ईल." दिंडी उठली. तो अभंग आम्ही पुन्हा घेतला, आणि या खेपेला तो टाळकरीही शेवटच्या चरणावर डोळे मिटून उभा राहिला.

रामकृष्णहरि.