पाठीचा खांब आणि त्याचे ताण

फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनी मेकॅनिक्सचा पेपर दिलाय (काहींनी दोनदा). त्यातलं मोमेंट एवढं आठवत असलं तरी हा लेख कळेल, बायोलॉजीची गरज नाही.

ज्यांचे पाठीचे स्नायू जाड असतात त्यांच्या मणक्यांच्या हाडांची घनताही बहुधा जास्त आढळते. असं का, आणि ते कितपत खरं?

आधी गणित करू. २० किलोची भरलेली घागर तुम्ही वाकून उचलली. ती कमरेच्या मणक्यापासून समजा ४० सेंटिमीटर पुढे आहे. तिला तोलणारा स्नायू मात्र मणक्याच्या मागे जेमतेम ५ सेंटिमीटरवर. दोन्ही बाजूंचे मोमेंट सारखे व्हायचे तर स्नायूला १६० किलोचा जोर लावावा लागतो. त्यात आपल्या धडाचं वजन अजून धरलेलंच नाही. हा सगळा जोर शेवटी मणक्यावरच येतो. म्हणजे मणक्यावरचा मोठा लोड घागरीचा नसून आपल्याच स्नायूचा असतो!

आणि तो नसता तर? १९९२ साली प्रयोगशाळेत स्नायू काढून फक्त हाडं आणि लिगामेंट असलेल्या कमरेच्या कण्यावर दाब देऊन पाहिला. सुमारे ९० न्यूटनला, म्हणजे ९ किलोलाच, तो बकल झाला. रस्त्यावरचा विजेचा खांब बाजूच्या ताणांवर उभा असतो, तसाच आपला कणा स्नायूंवर.

आता हाड. हाड म्हणजे एकदा ओतलं आणि सेट झालं असं काँक्रीट नव्हे. त्यात जुनं काढणाऱ्या आणि नवं भरणाऱ्या पेशींचं काम रात्रंदिवस चालू असतं, आणि जिथे लोड जास्त तिथे भर जास्त पडते. १८६६ च्या सुमारास झुरिचमध्ये कार्ल कुलमान नावाच्या इंजिनिअरने मांडीच्या हाडाचा उभा काप पाहिला. त्यातल्या जाळीच्या रेषा त्याला क्रेनमधल्या स्ट्रेसच्या रेषांसारख्या दिसल्या. पुढे १८९२ मध्ये जर्मन सर्जन ज्युलिअस वुल्फ याने यावरच आपला नियम मांडला. (आपल्या ब्रँचची माणसं सगळीकडे असतात.) उलटी बाजू अंतराळवीरांत दिसते. वजनच नाही म्हटल्यावर त्यांचे पाठीचे स्नायू बारीक होतात आणि कमरेचं हाड महिन्याला साधारण एक टक्का कमी होतं. एक टक्का थोडा वाटेल, पण हाडाची ताकद घनतेच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात बदलते. घनता २० टक्के घटली तर ताकद ३६ टक्के गेली.

मग एक प्रश्न उरतो, आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा. लोडने हाड मजबूत होतं, तर लातूरकडच्या आमच्या आज्या वाकल्या का? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच्या कितीतरी आधीपासून या बायकांनी जन्मभर हंडे वाहिले. वाकलेल्या प्रत्येक पाठीचं कारण एकच नसतं, पण काही गोष्टी नक्की सांगता येतात. चुंबळीवरचा हंडा कण्याच्या सरळ वर असतो, तिथे मोमेंट जवळजवळ शून्य. पाठीचा स्नायू खरा ओढला जातो तो हंडा उचलताना आणि उतरवताना. दुसरं, पाळी बंद झाली की इस्ट्रोजेन घटतं आणि हाड झिजायचा वेग वाढतो. तिसरं म्हणजे खाणं. भर घालायला माल तर पाहिजे ना! पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने १९९३ पासून गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. ज्या आयांच्या खाण्यात दूध, डाळी, पालेभाज्या वरचेवर होत्या, त्यांच्या मुलांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सहाव्या वर्षी जास्त निघाली. घरात सगळ्यात शेवटी जेवणाऱ्या बाईचा हिशोब यावरून ज्याने त्याने करावा.

मोजमापाबद्दलही थोडं. डेक्सा मशीन घनता ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये देतं, घन सेंटिमीटरमध्ये नाही. त्यामुळे मोठ्या चणीच्या माणसाचं हाड आपोआप जास्त घन दिसतं, आणि त्याचे स्नायूही मोठेच असतात. शिवाय उतारवयात स्नायूत चरबी शिरते, तेव्हा नुसती जाडी फसवते. तेव्हा ‘स्नायू मोठा म्हणून हाड घन’ असं सरळ म्हणायला मी तयार नाही.

आपल्याशी याचा संबंध काय? हाडाचा बहुतेक साठा विशीपर्यंत होतो, उरलेला तिशीच्या आत. त्यातली अकरावी-बारावीची दोन वर्षं आपण लातूर पॅटर्नमध्ये बसून काढली. नांदेडला आल्यावर सबमिशन, पीसी आणि मेसची पातळ आमटी. हॉस्टेलच्या जिममध्ये आरशासमोर बायसेप्सला लाईन असते, पाठ कोणालाच दिसत नाही.

पाठीच्या व्यायामावर अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या डॉ. मेहरशीद सिनाकी यांनी पाळी गेलेल्या ५० बायकांवर अभ्यास केला. त्यातल्या २७ जणींनी पालथं झोपून, पाठीवर वजनाची सॅक बांधून छाती वर उचलायची; दिवसातून एकदाच दहा वेळा, आठवड्यातून पाच दिवस, दोन वर्षं. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या घनतेत खास फरक नव्हता. मग व्यायाम बंद झाला. दहाव्या वर्षी पुन्हा मोजलं तेव्हा व्यायामवाल्यांची घनता जास्त होती. त्यांच्या ३७८ मणक्यांपैकी ६ दबलेले निघाले आणि बाकीच्या २३ जणींच्या ३२२ पैकी १४.